दातांवरचा रंग

हनुमंत : म्हंजी जहाज धक्क्याला बांधून ठेवायचं, कुठं जायचं न्हाई, आन् पगार मातर चालू? स्वप्ने, चौतीस वर्सं रेल्वेची इंजिनं दुरुस्त केली मी, अशी नोकरी आमाला कुणी दिली न्हाई गं.

स्वप्नाली : मामा, फौजेनं बोलावलं की पाच दिवसांत निघायचं असतं. रणगाडे, ट्रक, सगळं पोटात घेऊन. त्यासाठीच सरकारनं घेतलंय ते.

हनुमंत : नवं?

स्वप्नाली : सव्वीस वर्षांचं. परदेशातल्या कंपनीच्या मोटारी वाहायचं. मागचा दरवाजा खाली सोडला की गाडी सरळ आत चालत जाते. नवं बांधायचं तर वर्षं जातात. म्हणून असलं चालतं जहाज विकत घ्यायचं आणि सांभाळायला आमच्यासारख्या कंपनीला द्यायचं. आम्ही अकरा माणसं. मी सेकंड इंजिनीअर.

हनुमंत : उभं इंजिन लई वंगाळ बघ. आतनं कवा बिघाडलं, कळत न्हाई.

स्वप्नाली : म्हणून तर ते रोज विजेच्या मोटरनं हळूहळू फिरवायचं. नाहीतर सगळा भार एकाच जागी बसतो, बेअरिंग खराब होतात. मी दोन महिने कोर्सला होते. परवा जहाजावर गेले, वही बघितली. रोज फिरवल्याची नोंद, रोज सही.

हनुमंत : मग झालं की.

स्वप्नाली : ज्या दातेरी चाकानं ते फिरवतात ना, त्याच्या दातांवर मी कोर्सला निघाले त्या आठवड्यात रंग दिला होता. तपासणीला चकाचक दिसावं म्हणून. तो रंग जसाच्या तसा. एका दातावर ओरखडा नाही, मामा.

हनुमंत : आगं बाबौ! म्हंजी फिरवलंच न्हाई?

स्वप्नाली : एकदाही नाही. आमचे चीफ इंजिनीअर दवाखान्यात आहेत, त्यामुळं 'जहाज तयार' म्हणून सही आता माझी हवीय. शुक्रवारी फौजेचे अधिकारी येणार. मी सही न करता निघून आले. न्हावऱ्याला आईकडंसुद्धा गेले नाही, सरळ दौंडला तुमच्याकडं.

(फोन वाजतो. ती आवाज मोठा करून तो दोघांच्या मधे ठेवते.)

रविराज : मॅडम, कंपनीतून रविराज बोलतोय. रिपोर्ट आला नाही अजून.

स्वप्नाली : सर, इंजिन तयार नाही.

रविराज : कागदावर तयार आहे. दोन वर्षांत एकदा तरी बोलावलंय का त्यांनी? उगाच आपला करार जाईल. सही करा, नाहीतर तुमच्या जागी दुसऱ्याला पाठवावं लागेल.

हनुमंत : सायेब, मी हिचा मामा. रेल्वेत फिटर व्हतो. एकदा पंधरा दिस उभं राह्यलेलं इंजिन मी न उघडताच 'फिट' लिहून सोडलं. कुणी सांगितलं न्हवतं, माझीच घाई. केडगावच्या पुढं बंद पडलं. मागनं मानसांनी भरलेली गाडी येत व्हती. सिग्नल वेळेत लाल झाला म्हणून निभावलं.

स्वप्नाली : मामा, हे तुम्ही कधी...

हनुमंत : थांब जरा. सायेब, रुळावर दुसरं इंजिन आणून वढता येतं. भर समुद्रात, पोटात फौज घिऊन, काय करनार?

रविराज : ...मॅडम, मग अधिकाऱ्यांना मी सांगू काय?

स्वप्नाली : खरं ते. मी बेअरिंग उघडते. दोन तरी गेलेली असतील. ते पार्ट आता कुणी बनवत नाही, पण याच्याच जोडीचं एक जहाज अलंगला तोडायला आलंय. तिथं बोलून ठेवलंय मी. बारा दिवस द्या. मग अधिकाऱ्यांना जहाजावर बोलवा. त्यांच्यासमोर इंजिन चालू करून बंदराबाहेर फिरवून आणते.

रविराज : आणि नाही झालं तर?

स्वप्नाली : होईल, सर. नाहीच झालं, तर तेही माझ्या सहीनं लिहून देईन.

रविराज : बारा म्हणजे बाराच. रिपोर्ट पाठवा. आत्ता सांगितलंत तसाच.

हनुमंत : ठेवला त्यानं?

स्वप्नाली : ठेवला. मामा, ते केडगावचं मामीला माहीत आहे?

हनुमंत : न्हाई. आज सांगीन.