दौलूतात्यांचा न निघणारा ऊस

मंडळी, एक सांगा मला, दिलेला शब्द शिळा होतो का? दूध नासतं, लोणच्याला बुरशी येते, ते समजलं. पण शब्द? नुसत्या माना हलवू नका, ऐका.

वारणाकाठी दौलूतात्या म्हणून एक बागाईतदार. विहिरीखालचा तुकडा त्यांनी शेजारच्या बायडाअक्काला विकायचं ठरवलं. अक्का एकटी बाई, हार विकून पोट भरायची. फुलांचा स्वतःचा मळा हवा, एवढीच आस. विसार दिला, साठेखत झालं. त्यात तात्यांनीच घालायला लावलं – उभा ऊस निघाला की खरेदीखत करून देईन. रीतच आहे, लावलेलं पीक ज्याचं त्याला.

आणि मग शेताकडेनं मोठ्या रस्त्याची आखणी झाली, जमिनीचे भाव चढले. झालं! तात्यांचा ऊस काही निघेना. तोडला की बुडख्यांना पाणी सोडायचं, कोंब फुटले की म्हणायचं, बघा, पीक उभंय. एक खोडवा, दुसरा खोडवा... अहो, ऊस कसला, खराट्याच्या काड्या त्या! कारखान्याची टोळीसुद्धा तोडायला येईना. पण तात्या खूश.

अक्का कोर्टात गेली. तिचे वकील म्हणत, बाई पहिल्या दिवसापासून खरेदीला तयार आणि राजी आहे. तात्यांचे म्हणत, पीकच निघालेलं नाही. साहेब बदलले – तारीख! वकिलांच्या मेव्हण्याचं लग्न – तारीख! अक्का आपली भाकरी बांधून व्हरांड्यात.

पण सगळ्यात जास्त कोण वैतागलं? तात्यांची बायको, सगुणा. हळदीकुंकवाला गेली की बाया विचारत, काकी, ऊस निघाला का हो? देवीचा हार अक्काकडचा, तो आणायला पाय उचलेना. नवऱ्याला सांगून सांगून थकली. त्यांचं एकच, कायद्यात बसतंय.

एका सकाळी तिनं पदर खोचला, कुदळ घेतली आणि बुडखे खणायला लागली. तात्या धावत आले.

"अगं, काय चालवलंयस?"

"पीक काढतीय."

"आणि कोर्टात काय सांगू मी?"

"सांगा, बायकोनं काढलं. साक्षीला बोलवा, येते मी."

तात्या बांधावर बसले. ऊन चढलं, तिच्या हाताला फोड आले, कुदळ थांबेना. शेवटी ते उठले, दुसरी कुदळ आणली आणि पलीकडच्या सरीला लागले. त्याच आठवड्यात खरेदीखत झालं.

तात्यांचं सोडा हो. "बघू, करू, एवढं निघू दे" असं तुम्ही कुणाला सांगून आलात? मान खाली गेली, म्हणजे नाव आठवलं. मग आरतीला थांबू नका. देव कुठं जात नाही. आधी त्या दाराशी जाऊन या.