जाड तारांची गिटार

न्हाय न्हाय मालक, ती खाली ठेवा — ती सहा तारांची हाय, ती मला नको. चार तारांची. जाड. हां, ती — ती कोपऱ्यात टांगलीय ती काळी, आन् तिच्या शेजारची लाल चकचकीत. बेस म्हणतेत न्हवं तिला? मग तीच. कुणासाठी? आता काय सांगावं — नातवासाठी म्हणलं तर तुम्हाला बरं वाटंल, पण नातू अजून रांगतोय. माझ्यासाठीच. हसा, हसा, माझं वय बघून कुणीबी हसंल. वैजनाथ म्हणतेत मला, भूम डेपोला ड्रायव्हर व्हतो, आता रिटायर. गाणं-बिणं काय येत न्हाय. आरतीतसुद्धा मी नुसतं तोंड हलवतो.

मग कशाला म्हणता? सांगतो. व्यंकट म्हणून माझा जुना कंडक्टर — त्याच्या पोरीचं लगीन व्हतं लोहाऱ्याला, ह्या वैशाखात. ऑर्केस्ट्रा लावलेला. मला जेवायला बसवलं ते नेमकं स्टेजच्या कडंला, स्पीकरच्या मोठ्या काळ्या डब्यापाशी. प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर ताट. गाणं सुरू झालं आन् माझ्या ताटातली आमटी थरथरायला लागली. मी बघतोय — आमटीवर बारीक बारीक गोल उठतेत. मग खुर्ची थरथरली, मग पाय, मग हितं — हितं, छातीच्या खाली. मालक, पोळ्यापासून मला काहीच झालं नव्हतं. काहीच म्हंजे काहीच. भूक न्हाय, राग न्हाय, चहा गोड हाय का कडू ते कळत न्हाय. आन् तिथं, त्या डब्यापाशी, पायातून काहीतरी वर चढलं. जनरेटर बंद करेपर्यंत मी खुर्ची सोडली न्हाय. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला गाण्याचा लई नाद दिसतोय.

पोळ्यापासून म्हणजे — आमची महादेवी गेली ना तवा. झोपेत गेली. न्हाय, राहू द्या, त्याला आता बरेच दिवस झाले. सगळं मीच केलं. पोराला फोन, पाहुण्यांना फोन, लाकडं, गाडी, भटजी — सगळं रांगेत, टाइमावर. लोक म्हणले, वैजूअण्णा लई धीराचा माणूस. धीर कसला हो? आत काय हललंच न्हाय तर धीर कशाला लागतोय? मेहुणी सोनारीहून आलेली, ती तेराव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणली, ‘दाजी, माझ्या बहिणीसाठी तुमच्या डोळ्यात एक टिपूस न्हाय?’ मी म्हणलं, ‘न्हाय आलं.’ खरं तेच बोललो. ती उठून गेली, अजून बोलत न्हाय माझ्याशी. त्याचंबी वाईट वाटायला पाहिजे व्हतं. न्हाय वाटलं. पोरगा पुण्याला डॉक्टरकडं घेऊन गेला, गोळ्या दिल्या त्यांनी. झोप येते. झोपच तर येते, बाकी काय?

तर त्या लग्नात मी त्या बेसवाल्याला गाठलं. भला माणूस. त्यानं मला डब्यावर पंजा ठेवू दिला आन् एक तार वाजवली. बघा — हे अगदी तसंच, जशी जुनी गाडी स्टँडवर नुसती चालू ठेवलेली असते. आमच्या जुन्या गाड्यांना इंजिन पुढं, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून. दिवसभर ते अंगातून जायचं. घरी येऊन जेवायला बसलो तरी हात थरथरतच असायचा. महादेवी हसायची — गाडी बंद करून या म्हणायची. ती माहेरी निघाली की माझ्याच गाडीनं. इंजिनाच्या पलीकडची एकटी सीट असते ना, तिथं. पिशवी मांडीवर. माझ्याशी एक शब्द बोलायची न्हाय, गाडीत सगळे वळखीचे, लाजायची. परांड्याच्या अलीकडंच डोकं खिडकीला टेकून झोपायची. मला म्हणायची, ‘तुमच्या गाडीत लागती तशी झोप घरात लागत न्हाय.’

मग मी काय केलं, पुन्हा एसटीत बसायला लागलो. उगंच. भूम ते परांडा, परांडा ते भूम. पण नवीन गाड्या हो — थरथरतच न्हायत. माणूस सतरंजीवर बसल्यागत बसतोय. कंडक्टर वळखीचे, विचारतेत, अण्णा कुठं निघालात? काय सांगणार?

बरं, कामाचं बोलू. ती लाल नको. तो बेसवाला म्हणला, पहिलीच घेताय तर गिटारीच्या चकाकीवर पैसे घालू नका — मान सरळ हाय का बघा, तारा लाकडापासून लई वर उचललेल्या नसाव्यात, एवढं बघा, आन् जुनी मिळाली तर जुनी घ्या. वाचतील ते डब्यावर घाला. काळी जुनीच हाय न्हवं? मग काळी. हा बारका डबा? न्हाय. यातून जाड तार नुसती भुणभुण करंल. हेडफोन? पोरगाबी तेच म्हणला, ‘बाबा, वाजवायचंच असंल तर हेडफोन लावा, शेजाऱ्यांना ताप नको.’ त्याला वाटलं मला ऐकायचंय. मला ऐकायचं न्हाय हो. मला ते फरशीत पाहिजे. त्यानं कूलरला पैसे धाडलेत, त्यातच बसवा. उकाडा काय, मला तोबी लागत न्हाय.

तो मोठा लावून बघू. हां, ठेवा इथं. थांबा, चपला काढतो. वाजवा — सगळ्यात जाड तार. ...हां. पुन्हा. ...गुडघ्यापर्यंत आलं. वाढवा जरा. न्हाय, मला द्या, मीच वाजवतो, उजव्या अंगठ्यानं — डावा पंजा मला डब्यावर ठेवायचाय. हाच हात, गिअरवरचा. त्या दिवशी सकाळी उठवायला हाच तिच्या पाठीवर ठेवला, रोजच्यागत. मालक, काय सांगू — बंद गाडी माहीत हाय? इंजिन गार झालेली? तशी लागली पाठ. तवापासून हात तसाच हाय, गार. कुणाला बोललो न्हाय, पोरालाबी न्हाय. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे? गिऱ्हाईक तारा घ्यायला येतं आन्...

...अहो.

आलं. हातात आलं — थांबा, बोलू नका.

मालक, बिल नंतर करा. दुकान तुमचंच हाय, माहीत हाय मला. पण जरा बाहेर जाऊन उभं राहा. पाणी-बिणी काय नको. जावा — आन् दार ओढून घ्या.