निवृत्त सिस्टरचा कॉलेज प्रवेश

लेकीची फी भरायला शिंपी कॉलेजच्या रांगेत उभा होता. पुढे एक निवृत्त नर्सबाई आणि त्यांचा मुलगा. शिंपी उगाच भिंतीवरची सूचना वाचत होता, पण कान त्या दोघांकडेच होते.

"आई, धर्मशास्त्राचे दोन कोर्स आहेत. एकात प्रवचन करायला शिकवतात, दुसऱ्यात सगळ्या धर्मांचा अभ्यास. कुठला घ्यायचा?"

"पहिल्याला श्रद्धा लागते का रे?"

"लागत असणार."

"माझी सकाळी असते, संध्याकाळी नसते."

"मग दुसरा घे."

"त्यात उत्तरं देतात का?"

"त्यात बहुतेक प्रश्नच असतात."

"ते माझ्याकडे ढीगभर आहेत."

"अगं, साठी उलटल्यावर तुला नक्की शिकायचंय तरी काय?"

"वॉर्डात शेवटच्या घटकेला माणसं हात धरून विचारायची, सिस्टर, आता पुढे काय? मी म्हणायचे, डॉक्टर राउंडला आले की त्यांना विचारा."

"आणि डॉक्टर काय सांगायचे?"

"सिस्टरना विचारा म्हणायचे."

खिडकीतून हाक आली. बाई बाजूला सरकल्या आणि शिंप्याला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. आमचं अजून ठरत नाहीये."

शिंपी जागचा हलला नाही.