गाडीचं दावं

माझं म्हायेर कोडोलीचं. बापाच्या दारात म्हशी, त्यामुळं बोलाय यायच्या आदी मला धार काढाय आली म्हटलं तरी चालंल. लगीन होऊन कोल्हापुरात आलो, तर मालक कारखान्यात टर्नर आणि दारात नुसती सायकल. मग बापानं एक म्हस धाडली, चंद्री, तिच्यासाठी परड्यात गोठा घातला, आणि काय सांगू तुम्हाला बाई, आमच्या घरात दूध कसं इकत आणायचं ते ठावंच नव्हतं.

आणि एक दिवस मालकांनी ती मोटार आणली. आणली म्हंजे ट्रॅक्टरला बांधून वडत आणली. साठ सालाच्या सुमाराची इंग्लिश गाडी, चार दारं, बसाय घरची माणसं पण पळाय शर्यतीची म्हणं. पेठ वडगावात कुणाच्या तरी छपरात पडलेली, आत कोंबड्या अंडी घालत हुत्या. मालक म्हणालं, पावसात भिजंल, गोठ्यात लावू. मी म्हटलं, आणि चंद्री? म्हणालं, चंद्रीला थोडं दिवस तुझ्या भावाकडं धाडू. थोडं दिवस! तीन वर्सं गोठ्यात मोटार आणि मी शेजारणीच्या दारात किटली घिऊन उभी.

कामावनं आलं की मालक गाडीखाली. मिळंना तो भाग कारखान्यातल्या लेथ मशीनवर सोता काढायचं. पोरं म्हणायची, आई, आबांचं ताट तिकडंच वाढ. पण झाली बरं का, हिरवीगार, आरशागत, आणि पयल्यांदा चालू केली तवा सगळी गल्ली दारात आली. मी म्हटलं, आता इका आणि माझी म्हस आणा. मालक व्हय म्हणालं, पेपरात जाहिरातबी दिली, पण गिऱ्हाईक आलं की आमचं शाणं गाडीची खोडच सांगाय बसायचं. पेट्रोल लई पिती, उन्हाळ्यात तापती. एक पावणं वैतागून म्हणालं, आवो तुम्हाला इकायची हाय का न्हाय?

शेवटाला शिरोळचं एक अण्णा आलं, जैनाचं, ऊसवालं. एक चक्कर मारली आणि पोरागत हसत उतरलं. तापू दे की, म्हणालं, घेतली. यवहार झाला. मालकांनी किल्ली काढली, पण हात काय फुडं जाईना. लेक सासरी धाडताना बापाचं हुतं तसं तोंड झालतं. मीच मागं लागलेली बाई, पण मीच आत जाऊन आरतीचं ताट आणलं. गाडीला हळदकुक्कू लावलं, नारळ फोडला, आणि मालकांच्या हातातली किल्ली घिऊन कनवटीला खवली. म्हटलं, अण्णा, जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. गाडी न्या, किल्ली आमची.

पोरं फिदीफिदी हसली. मालक म्हणालं, अगं येडे, मोटार हाय ती. पण अण्णा हसलं न्हाईत. म्हणालं, वैनी, बरोबर हाय तुमचं. म्या इकल्याल्या बैलांची दावी अजून माझ्याच खुंटीला हायत. आता दावं मालकांच्या हातात द्या आणि त्यास्नीच गाडी घिऊन चलू दे, मी शिरोळात दुसरी किल्ली करून घेतो.

मालक गाडी चालवत गेलं आणि सांजच्या एस्टीनं परत आलं, खिशात किल्ली, खांद्यावर उसाची मोळी. फुडल्याच बाजारादिवशी भावाकडनं चंद्री घरला आली. मला बघून अशी रेकली की मला रडूच आलं.

आता मालक दर म्हैन्याला शिरोळला जात्यात. परवा म्हटलं, गाडीला काय झालंय? म्हणालं, काय न्हाय. मग? म्हणालं, जरा गाडीत बसून येतो. म्हटलं, जावा की. अण्णांच्या घरादाराचं देव बरं करू दे, बाई. तिथनं आलं की मालक दोन दिवस हसत असत्यात.