बिनडिस्कचे कॉम्प्युटर

काम फत्ते झालं म्हणून कधी वाईट वाटलंय का रे तुम्हाला? मला वाटलंय.

नव्वदच्या दशकात मी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो. तिथं बिनडिस्कचे कॉम्प्युटर आले. ते सगळे एकाच केबलवरून सर्व्हरच्या डिस्कवर सुरू व्हायचे. ते बसवायला पुण्याहून मेधा नावाची इंजिनियर आली.

आठवडाभर एकही मशीन सुरू होईना. आम्ही दोघं टेबलांखाली शिरून केबल तपासायचो, माझा डबा वाटून खायचो. मी मनातून खूश होतो.

शनिवारी तिला केबलच्या टोकाची टोपी सैल सापडली. तिनं ती घट्ट पिळली, मशीनं पुन्हा चालू केली, आणि ओळीनं सगळे पडदे उजळले.

हेडक्लार्क पवारमामा ओरडले, "आलं की वं! ताई, सुटला तुमी!"

मेधा हसली नाही.

एसटी स्टँडवर ती म्हणाली, "काही बिघडलं तर फोन कराल ना?"

"लगेच करीन."

फोन करायला काहीतरी कारण लागतं, असं वाटायचं तेव्हा. रोज सकाळी मी मोठ्या आशेनं बटणं दाबायचो.

दोन वर्षं ती मेली मशीनं एकदाही बिघडली नाहीत.