तळाचे टाके

सासऱ्यांनी दिलेल्या इंग्लिश बुटांचं सांगितलंय का तुम्हाला? नव्वदीतली गोष्ट. आतलं नाव झिजून गेलेलं आणि मी ठरवलेलं, हे बूट कुणी केलेत ते शोधायचंच. बायको म्हणाली, "पायात घाला की गप." मी कसला ऐकतोय.

चपला करणाऱ्या बाबूरावांकडं गेलो. त्यांनी बूट उलटा करून बघितला. "तळ आमच्यातच बदललाय. वरचं काम कुणाचं, ठाऊक न्हाय."

"तळाचं मला काय करायचंय?" म्हणून मी उठलो.

घरी भिंग लावून बसलो, तेव्हा आत एक पुसट नंबर सापडला. तो नंबर आणि सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो विलायतेतल्या तीन कंपन्यांना धाडले. दोघांनी नाही म्हणून कळवलं. तिसऱ्यांचं चार महिन्यांनी पत्र आलं: बूट आमचाच, तळ मात्र आमचा नाही. एवढे बारीक टाके आता आमच्याकडंही कुणी घालत नाही. कारागिराचं नाव कळवा.

पत्र घेऊन परत बाबूरावांकडं. ते म्हणाले, "तळ मी कापला, टाके हिचे," आणि बायकोला हाक मारली. शेवंताबाईंनी टाक्यांवरनं अंगठा फिरवला. "व्हय, माझंच की."

मी नाव लिहून घ्यायला पेन काढलं.

"थांबा पावणं," त्या म्हणाल्या. "आधी त्यास्नी इचारा, त्यांचं टाकं कुणाच्या बायकोनं घातल्यालं?"

तसंच लिहून पाठवलं. कंपनी अजून शोधतीय.