काचेची खोली अन् माहं कपाळ

काय सांगू तुम्हाले, मी कामठीची, विणकराची पोर, घरातच हातमाग, सुताचे बारीक तंतू केसात, भातात, पान्यात, आम्हाले त्याचं काही वाटतच नव्हतं, अन् नोकरी लागली तं अशा जागी की जिथं एक तंतू उडाला तरी माल भंगारात.

रेडिओत ट्रान्झिस्टर लागते ना, त्याचा लहानसा कारखाना होता नागपुरात. मी मॅट्रिक, हात बारीक कामाले बसलेला, घेतलं मले. काचेची बंद खोली, पांढरा डगला, टोपी. साहेब म्हने, बाई, या सिलिकॉनच्या चकतीवर डोळ्याले न दिसनारा कन बसला तरी तिथली नक्षी बिघडते अन् रेडिओ मुका होते. पावडर नाही, गजरा नाही. लग्नाआधी मले काय, तोंड धुतलं की झालं.

मंग लग्न झालं, नागपुरातच बर्डीत सासर. साहेब म्हने, कुंकू झडते, पुसून या. मी दारावर पुसायची, सुटी झाली की लावायची. एक दिवस घाईत तशीच घरी आली, कोऱ्या कपाळानं. सासूनं पाहिलं अन् हातातली परात खाली ठेवली. म्हने, माहा लेक जित्ता आहे वं, पुसलं काहून? उद्यापासून जायचं नाही. नवरा गरीब मानूस, मायच्या शब्दाबाहेर नव्हता. लई रडली मी, खोटं काहून सांगू, मले ते काम आवडे. म्हटलं, आई, माह्या मनात काही नाही, पन ते झडते.

 मंग बाजाराच्या दिवशी सासू म्हने, चाल वं. गोंदनारीपुढं बसवलं, माहं डोकं मांडीत दाबून धरलं अन् म्हने, हिच्या कपाळावर टिपका काढ, झडला नाही पाहिजे. सुई मले टोचून राहिली होती अन् रडून सासू राहिली होती.

साहेबानं खपली पडेपर्यंत आत घेतलं नाही. मंग ओला कपडा देऊन मलेच कपाळ घासायले लावलं, कपडा पांढराच राहिला, म्हने जा.

आता तो कारखाना नाही, सासू नाही. मी नागपुराच्या कडेले, बेशाले लेकीकडे राहते, बरं चाललं आहे. गेल्या साली हे गेले. रीतीच्या बाया आल्या, एकीनं ओला हात माह्या कपाळावरून फिरवला, मंग अजून एकदा, जोरानं. मी म्हटलं, राहू द्या वं बाई, हे माह्या सासूनं लावलं आहे, तुमच्यानं नाही निघनार.